गाल-जबड्याच्या ऑपरेशनमधला फ्लॅप: तुकडा तपासणीपासून शेक संपेपर्यंत घरच्यांनी काय करायचं

आपल्या विदर्भात तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतो: गालाची आतली बाजू आणि खालच्या हिरडीची खाच. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा तिथेच तासन् तास धरून ठेवलेला असतो. गाठ काढताना डॉक्टर तिच्याभोवतीचं चांगलं मांसही सुमारे एक सेंटिमीटर घेतात, म्हणून ऑपरेशननंतरची पोकळी गाठीपेक्षा बरीच मोठी होते. कधी गाल आरपार जातो, कधी जबड्याचं हाड जातं. मानेतल्या गाठीही त्याच वेळी काढतात. ही पोकळी नुसती शिवून टाकली तर तोंड उघडत नाही, लाळ मानेत गळते आणि जखम भरत नाही. म्हणून शरीराच्या दुसऱ्या भागातलं मांस आणून तिथे बसवतात. तोच फ्लॅप.

वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला हे लवकर समजेल. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरतो तेव्हा डोळ्याला स्वतःचं मूळ नसतं, तो खुंटाच्या रसावर जगतो. मांडीवरून काढलेली पातळ कातडी, म्हणजे ग्राफ्ट, अशीच असते: खालच्या जागेने रक्त दिलं तरच ती जगते. फ्लॅप आपला रक्तपुरवठा सोबत घेऊन येतो. त्याला रक्त आणणारी एक रोहिणी असते, रक्त परत नेणारी एक नीला असते. गुटी कलमात फांदी झाडाला जोडलेली ठेवूनच तिला मूळ फोडतात. छातीचा फ्लॅप तसाच, मूळ जागेशी नातं न तोडता वर वळवलेला असतो. काही फ्लॅप मात्र पूर्ण सुटे करून मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली नव्याने जोडतात. यापुढची सगळी काळजी एका गोष्टीसाठी आहे: ती रोहिणी आणि ती नीला दाबली जाऊ नये, पिळली जाऊ नये, आकसू नये.

कुठलं मांस कुठे

ऑपरेशनआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. मांस कुठून घेणार? हाड बसवणार का? जिथून घेणार त्या जागेचं पुढे काय होणार?

छातीचा फ्लॅप आपल्याकडे सर्वांत जास्त वापरला जातो. छातीचा मोठा स्नायू वरच्या कातडीसह उचलतात आणि गळपट्टीच्या हाडावरून, मानेच्या कातडीखालून तोंडात नेतात. १९७९ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि जगभर रुळली. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो, मांस भरपूर मिळतं आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर स्नायूचं पांघरूण बसतं. तोटेही आहेत: मान काही महिने फुगीर दिसते, खांदा जड होतो, पुरुषांमध्ये छातीचे केस तोंडाच्या आत उगवतात, बायकांमध्ये स्तनाचा आकार बिघडतो. हा 'गरिबांचा फ्लॅप' म्हणून कमी दर्जाचा, असा समज आहे. तो चुकीचा आहे. वय झालेल्या, मधुमेह असलेल्या, अशक्त पेशंटमध्ये बारा तासांच्या ऑपरेशनपेक्षा पाच-सहा तासांत होणारा छातीचा फ्लॅप अनेकदा शहाणपणाचा ठरतो.

मनगटाजवळच्या हाताचा फ्लॅप पातळ आणि मऊ असतो. जीभ किंवा गालाचं आतलं अस्तर यासाठी तो उत्तम. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा फ्लॅप गाल आरपार गेला असेल तर सोयीचा, कारण तो दुमडून आत आणि बाहेर दोन्हीकडे कातडी मिळते. शिवाय मांडीची जखम बहुतेक वेळा सरळ शिवता येते. लहान पोकळीसाठी नाकाच्या कडेची, हनुवटीखालची किंवा कपाळाची कातडी चालते. कपाळाच्या कातडीचा उपयोग तर मराठी मुलखात फार जुना आहे. पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून नाक घडवल्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी ती पद्धत तिथून उचलली. कपाळाचा फ्लॅप लावला तर साधारण तीन आठवड्यांनी त्याचं देठ, म्हणजे मूळ जागेशी जोडलेला भाग, कापायला दुसरं छोटं ऑपरेशन लागतं, हे आधी विचारून ठेवा.

हाडाचा प्रश्न वेगळा. जबड्याचा मागचा, एका बाजूचा भाग गेला आणि तिथे नुसतं मांस भरलं तर हनुवटी त्या बाजूला सरकते, दात नीट जुळत नाहीत, पण पेशंट मऊ भात-वरण खाऊ शकतो. पुढचा भाग, म्हणजे हनुवटीचं हाड, गेलं आणि हाड बसवलं नाही, तर खालचा ओठ लोंबतो, लाळ थांबत नाही, जीभ मागे पडून श्वासही अडू शकतो. इथे तडजोड करू नका. यासाठी पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिनीसह काढतात, दोन-तीन ठिकाणी तिरपं कापून जबड्याच्या वळणाला आणतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने, स्क्रूने बसवतात. शरीराचा भार मुख्यतः नडगीच्या मोठ्या हाडावर असतो, म्हणून फिब्युला दिली तरी चालता येतं. घोट्याजवळचे सहा-सात सेंटिमीटर मुद्दाम शिल्लक ठेवतात, नाहीतर घोटा डळमळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय नसेल तर डॉक्टरांकडून मोठ्या केंद्राची चिठ्ठी घ्या. पण त्या धावपळीत दोन महिने घालवू नका; गाठ थांबून राहत नाही.

ऑपरेशनआधीचे दोन-तीन आठवडे

ज्या दिवशी तुकडा तपासणीचा (बायॉप्सीचा) रिपोर्ट आला, त्या दिवशी खर्रा, बिडी, गुडाखू, सगळं बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फ्लॅपच्या जोडलेल्या रक्तवाहिनीची जाडी दोन-तीन मिलिमीटरच असते. तीन-चार आठवडे मिळाले तर उत्तम, आठ दिवस मिळाले तरी उपयोग आहे. घरातल्या इतरांनीही पेशंटसमोर पन्नी सोडू नये. बघून त्याची तलफ उठते.

दारू रोज घेत असेल, मोहाची असो की दुसरी, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना किती आणि शेवटची कधी घेतली हे खरं सांगा. लपवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट बडबडायला लागतो, हात थरथरतात, आणि तो नाकातली नळी, मानेतला पाइप उपटून काढतो. आधी माहीत असेल तर त्यावर औषध देता येतं.

सिकलसेलची तपासणी मागून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ या भागांत हा आजार अनेक घरांत आहे आणि वाहक असलेल्या माणसाला आयुष्यभर त्रासही होत नाही. पण सुट्या फ्लॅपमध्ये काही वेळ रक्त थांबलेलं असतं, प्राणवायू कमी असतो. अशा वेळी लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिनी तुंबू शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल, कार्ड असेल, तर ते फाइलमध्ये वर ठेवा.

हिमोग्लोबिन, साखर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, मूत्रपिंड, अल्ब्युमिन या तपासण्या होतातच. त्यातला अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाचा, आकडा घरच्यांच्या हातात असतो. तोंड दुखतं म्हणून पेशंट महिनाभर फक्त चहा-बिस्किटावर असतो, आणि अशा शरीरात टाके धरत नाहीत. दूध, अंडी, पातळ वरण, दह्यात कालवलेला मऊ भात दिवसातून सहा वेळा द्या. अजिबात जात नसेल तर ऑपरेशनआधीच नाकातून नळी घालायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही.

हाताचा फ्लॅप ठरला असेल तर शक्यतो कामाचा नसलेला हात, म्हणजे बहुतेकांचा डावा, वापरतात. डॉक्टर मनगटाच्या दोन्ही नाड्या दाबून, एक सोडून, तळहात लाल होतो का ते बघतात. दुसरी नाडी एकटी हाताला पुरेल की नाही, हे त्यावरून कळतं. त्या हातावर सलाईन किंवा रक्ताची सुई टोचू देऊ नका. सिस्टर बदलतात, रात्रपाळीला नवीन कुणी येतं. म्हणून 'या हाताला सुई नको' अशी चिठ्ठी चिकटपट्टीने मनगटावरच लावा. फिब्युला ठरली असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर किंवा सीटी अँजिओग्राफी लागते. खूप वर्षं बिडी ओढलेल्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असू शकतात. छाती किंवा पायाचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक काप लागून जंतू शिरतात.

दातांच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा. पुढे शेक, म्हणजे रेडिएशन (किरणोपचार), द्यावा लागला तर सडलेले दात त्याआधी निघालेले हवेत आणि ती जागा भरायला दहा-चौदा दिवस हवेत. बहुतेक वेळा ते ऑपरेशनमध्येच काढतात, पण काढायला सांगावं लागतं.

कागद: रेशन कार्ड, आधार कार्ड, तुकडा तपासणीचा रिपोर्ट, सीटी किंवा एमआरआयची फिल्म, यांच्या तीन-तीन झेरॉक्स. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला नेमकं विचारा: मंजुरी फक्त गाठ काढण्याची घेतली आहे की फ्लॅपचीही? मंजुरी आली नसेल तर तारीख पुढे जाते, आणि हे बऱ्याचदा आदल्या दिवशी कळतं. योजनेचा मोफत फोन १५५३८८. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), एम्स आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी. भामरागड किंवा मेळघाटातून येणाऱ्यांनी राहण्याचा विचार तीन आठवड्यांचा करून निघावं, तीन दिवसांचा नाही. रेल्वेत कर्करोगाच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

ऑपरेशनच्या दिवशी

छातीच्या फ्लॅपला साधारण पाच-सहा तास, सुट्या फ्लॅपला आठ ते बारा तास. बाहेर बसलेल्यांनी वेळ झाला म्हणून घाबरू नये. पेशंट बाहेर येईल तेव्हा चेहरा सुजलेला असेल, नाकात नळी, मानेतून आणि छातीतून किंवा पायातून निचऱ्याचे पाइप, लघवीची पिशवी, आणि बऱ्याचदा गळ्यात श्वासाची नळी, जिला वॉर्डात 'ट्रॅकी' म्हणतात. ट्रॅकी असेपर्यंत बोलता येणार नाही. पाटी-खडू किंवा वही-पेन आधीच जवळ ठेवा. लिहिता येत नसेल तर खुणा ठरवून घ्या: एक बोट म्हणजे दुखतंय, दोन म्हणजे कफ ओढा, तीन म्हणजे लघवी.

पहिले पाच दिवस: फ्लॅपकडे बघणं

सुट्या फ्लॅपचं जे काही बिघडायचं ते बहुतेक पहिल्या ४८ ते ७२ तासांत बिघडतं. म्हणून पहिला दिवस दर तासाला, मग दर दोन तासांनी सिस्टर टॉर्च घेऊन तोंडात बघतात. शेजारी बसलेल्या नातेवाइकालाही काय बघायचं ते ठाऊक असलं पाहिजे, कारण रात्री तीन वाजता तीस पेशंटमागे सिस्टर एकच असू शकते.

निरोगी फ्लॅपचा रंग मूळ जागेसारखा असतो: मांडीचा असेल तर मांडीसारखा, गालाच्या आतल्यासारखा गुलाबी नाही. हाताला कोमट, दाबल्यावर मऊ. डॉक्टर बोटाने हलकं दाबून सोडतात. पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत परत भरली पाहिजे. शंका आली तर बारीक सुईने टोचतात. लाल, ताजं रक्त हळू आलं, तर ठीक.

बिघाड दोन तऱ्हेचा. नीला तुंबली तर रक्त आत येतं पण बाहेर जात नाही: फ्लॅप निळसर-जांभळा होतो, फुगतो, दाबून सोडताच झटकन भरतो, टोचल्यावर काळपट रक्त भराभर येतं. रोहिणी तुंबली तर रक्तच पोहोचत नाही: फ्लॅप फिका, थंड, सुरकुतलेला होतो आणि टोचलं तरी रक्त येत नाही. नीलेचा बिघाड जास्त वेळा दिसतो. सावळ्या कातडीवर निळेपणा उशिरा कळतो, म्हणून रंगापेक्षा फुगवटा आणि ऊब यांवर विश्वास ठेवा. पहिल्या तासाला कसा होता आणि आत्ता कसा आहे, हा फरक महत्त्वाचा. बदल दिसला की सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, त्याच मिनिटाला सांगा. वेळेत परत थिएटरात नेऊन रक्तवाहिनी मोकळी केली तर फ्लॅप वाचू शकतो. सकाळपर्यंत थांबलात तर बहुधा वाचत नाही. खात्री नाही म्हणून गप्प बसलेल्यापेक्षा दहा वेळा उगाच बोलावणारा नातेवाईक बरा.

मान सरळ, किंवा छातीचा फ्लॅप असेल तर त्याच बाजूला किंचित झुकलेली. उलट बाजूला वळवली तर देठावर ताण येतो. त्या बाजूच्या मानेवर काहीही घट्ट नको: ट्रॅकीची दोरी, प्राणवायूच्या मास्कचा पट्टा, गळ्यातला ताईत, काळा दोरा. फ्लॅपचं देठ नेमकं तिथल्या कातडीखालूनच गेलेलं असतं आणि एक अरुंद पट्टाही त्याला पुरून उरतो. श्रद्धेचा ताईत उशाखाली ठेवा. पंखा-कूलरचा झोत अंगावर नको, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात.

मान अचानक फुगली, कडक झाली, श्वास घ्यायला त्रास झाला तर आत रक्त साठतंय. हे फ्लॅपपेक्षाही तातडीचं आहे.

निचऱ्याच्या बाटलीतलं पाणी रोज मोजतात. २४ तासांत २०-३० मिलिलिटरच्या खाली आलं की पाइप काढतात. नळीतून दूध सुरू केल्यावर मानेच्या, विशेषतः डाव्या बाजूच्या, बाटलीत दुधासारखा पांढरा द्रव दिसला तर लगेच दाखवा. मानेतली अन्नरसाची नलिका गळत असू शकते आणि मग आहारातलं तेल-तूप बंद करावं लागतं.

नळीतून जेवण

हे काम घरच्यांचंच, आणि जखम भरणं यावर खूप अवलंबून आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १,८०० ते २,१०० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या डाळीच्या पाण्याने आणि नारळपाण्याने त्याच्या जवळपासही जाता येत नाही, आणि गावाकडे नेमकं हेच दिलं जातं.

एक लिटरचं प्रमाण: ३०० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम नाचणीचं किंवा तांदळाचं पीठ शिजवून पातळ पेज करा. त्यात ७०० मिलिलिटर उकळलेलं दूध, साय काढलेल्या दुधाची ५० ग्रॅम पावडर, ४० ग्रॅम साखर आणि चार चहाचे चमचे गोडं तेल. मिक्सरमधून काढा, मग स्वच्छ मलमलीतून दोनदा गाळा. यात सुमारे १,१०० कॅलरी आणि ४० ग्रॅमच्या वर प्रथिनं येतात. असे दोन लिटर दिवसभरात. एखाद्या वेळी पूर्ण उकडलेलं अंडं वाटून घाला. मधुमेह असेल तर साखर काढा, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. दूध पचत नसेल, जुलाब लागले, तर एक-दोन दिवस प्रमाण निम्मं करा आणि आहारतज्ज्ञांशी बोला.

सकाळी ६ ते रात्री १०, दर दोन तासांनी २०० ते २५० मिलिलिटर. द्यायची रीत अशी. आधी हात साबणाने. पेशंटला उठवून बसवा किंवा डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करा. नाकाशी नळीवर जिथे चिकटपट्टीची खूण आहे, ती जागची हलली नाही ना हे प्रत्येक वेळी बघा. पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवा, नळी चिमटीत दाबून सिरिंज जोडा, भरा, आणि नाकाच्या पातळीपेक्षा वीतभर वर धरा. चिमटी सोडा. आपोआप उतरू द्या. १५-२० मिनिटं लागली तरी चालतील. दट्ट्याने ढकललं तर उलटी होते आणि उलटी नव्या टाक्यांवर येते. सिरिंज पूर्ण रिकामी व्हायच्या आत पुढचं ओता, नाहीतर हवा जाऊन पोट फुगतं. शेवटी ५० मिलिलिटर साधं पाणी, झाकण, आणि निदान पाऊण तास बसवून ठेवा.

मध्येच खोकला आला, दम लागला, चेहरा काळवंडला तर तिथेच थांबवा. गोळ्या एकेक करून बारीक कुटून पाण्यात विरघळवा, सगळ्या एकत्र नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, म्हणून दुकानदाराला नाही, डॉक्टरांना विचारा. नळी तुंबली तर कोमट पाणी हलक्या हाताने. नळी निघून आली तर गावात कुणाकडूनही परत घालून घेऊ नका. आतल्या ताज्या टाक्यांतून ती भलतीकडे घुसू शकते. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करा.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला गेला की तयार दूध दोन तासांत नासतं. फ्रिज नसेल तर एका वेळचंच करा. उन्हाळ्यात दोन जेवणांच्या मध्ये २०० मिलिलिटर पाणी वेगळं द्या; लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय.

तोंडाने खाणं साधारण सात ते चौदा दिवसांनी, डॉक्टरांनी थोडं पाणी पाजून बघितल्यावर. तोवर 'घोटभर चहा' नको. पाहुणे आग्रह करतात. त्यांना दारातच सांगा.

जखमा

मानेची कातडी पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास लाल झाली, फुगली, घाण वास आला, आणि मग तिथून पातळ चिकट पाणी यायला लागलं, तर ती लाळ आहे. आतला टाका उसवून मानेपर्यंत वाट झालेली असते. छातीच्या फ्लॅपमध्ये हे अधूनमधून घडतं आणि बहुतेक वेळा पट्ट्या बदलून, तोंडाने खाणं लांबवून, प्रथिनं वाढवून भरूनही येतं. ऑपरेशन वाया गेलं असं समजून घरी घेऊन जाणं, ही त्यातली सर्वांत वाईट चूक. लाळ मानेच्या मोठ्या रोहिणीवर साचत राहिली तर ती रोहिणी कमकुवत होते. अशा जखमेतून एकदाच, थोडंसं जरी लाल भडक रक्त आलं आणि आपोआप थांबलं, तरी स्वच्छ कापडाने दाबून धरा, १०८ ला फोन करा आणि सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. पुढचा रक्तस्राव थांबणारा नसतो.

फ्लॅपची कड काळी पडून थोडी गळून जाते, ती साफ केल्यावर भरते. पूर्ण फ्लॅप काळा पडला तर दुसरा लावावा लागतो.

पायाच्या जखमेवर कातडी लावली असेल तर ती पट्टी पाचव्या दिवसाच्या आसपास डॉक्टरच उघडतात. पाय उशीवर वर ठेवायचा, घोटा नव्वद अंशांत. चालणं हळूहळू, आधाराने. अंगठा खाली वळवायची ताकद कमी होते, ती व्यायामाने बरीच येते. निंदण, कापूस वेचणी, उकिडवं बसणं यांना तीन महिने तरी थांबा. मांडीवरून पातळ कातडी घेतली तिथली पट्टी ओढून काढायची नाही. दोन आठवड्यांनी ती आपसूक सुटते. मग खोबरेल तेल.

घरी आल्यावर माशा हा खरा शत्रू आहे. उघडी, ओली जखम आणि गोठ्याजवळचं घर, एवढं अळ्या पडायला पुरतं. जखम नेहमी झाकलेली, दिवसाही मच्छरदाणी, पट्टी भिजली की बदल. अळ्या दिसल्याच तर फिनेल, रॉकेल, तंबाखूचं पाणी काही ओतू नका, दवाखान्यात न्या. तिथे त्या एकेक काढून जखम धुतात. आशाताईंना आणि उपकेंद्राच्या सिस्टरना डिस्चार्ज कार्ड दाखवून पट्टी कशी करायची ते एकदा समजावून द्या.

तोंड उघडण्याचा व्यायाम

खर्रा खाणाऱ्यांचं तोंड बहुधा आधीच दोन बोटं उघडत असतं. ऑपरेशन आणि शेक दोन्ही ते आणखी आवळतात. साधारण दोन आठवड्यांनी, डॉक्टरांनी परवानगी दिली की सुरू करा. आइस्क्रीमच्या सपाट लाकडी काड्या स्वच्छ धुऊन एकावर एक ठेवा, दाढांमध्ये बसतील तेवढ्या घाला, आणि जिथे ताण जाणवतो तिथे थोडा वेळ धरा. असं पाच-सहा वेळा, दिवसातून पाचदा. काड्यांची संख्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा. आठवड्याला एक काडी वाढली तरी चांगली प्रगती आहे. लक्ष्य ३५ मिलिमीटर, म्हणजे पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी मावतील एवढं. शेक चालू असताना दुखतं म्हणून सोडून दिलं तर गमावलेलं पुन्हा मिळवणं फार कठीण. काही महिने-वर्षं चालू ठेवायची ही गोष्ट आहे.

शेक: सहा आठवड्यांची मुदत

काढलेल्या भागाचा रिपोर्ट साधारण दोन आठवड्यांत येतो. तो पेशंटला घरी ठेवून एकानेच आणायला गेलं तरी चालेल, पण आणाच. कडा मोकळ्या आहेत का, गाठींत रोग होता का, हाडात शिरला होता का, यावर शेक लागेल की नाही ते ठरतं. लागणार असेल तर ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा. बहुतेकांना आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे ३० वेळा शेक लागतो. मध्ये सोयाबीनची काढणी किंवा लग्न म्हणून आठ दिवस सोडले तर उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. फ्लॅपची जखम वेळेत भरणं एवढं महत्त्वाचं का, त्याचं उत्तर इथे आहे: जखम रेंगाळली की शेक रेंगाळतो.

शेकात तोंड सोलवटतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा; त्याने दिवसातून सात-आठ वेळा चुळा. शेक मिळालेल्या जबड्यातला दात पुढे कधीही गावातल्या दवाखान्यात काढू नका, दहा वर्षांनीसुद्धा. अशा हाडाची जखम भरत नाही, हाड सडायला लागतं.

पुढचे महिने

तोंडातला फ्लॅप पांढरट दिसतो, पापुद्रे सुटतात, केस येतात. तो पू नाही, बुरशीही नाही. ती कातडीच आहे. केस कात्रीने दातांच्या डॉक्टरांकडून कापून घ्या. शेकानंतर बहुतेक कमी होतात. छातीच्या फ्लॅपचा मानेवरचा फुगवटा काही महिन्यांत उतरतो. तोंडातल्या फ्लॅपला संवेदना नसते, त्यामुळे कढत चहाने भाजलं तरी कळत नाही. आधी ओठाला किंवा बोटाला लावून बघायचं. घास त्या बाजूला साचून राहतो, म्हणून प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरून आरशात बघायची सवय लावा. फिब्युला बसवली असेल तर पुढे त्यावर दात बसवता येतात. साधारण वर्षाभरात, शेक झालेला असेल तर जास्त विचार करून.

तपासणी पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. रोग परत आला तर बऱ्याचदा फ्लॅपच्या कडेला, जिथे नवी कातडी जुन्या अस्तराला मिळते तिथे, किंवा जाड फ्लॅपखाली लपून येतो. म्हणून महिन्यातून एकदा उन्हात बसवून, टॉर्च लावून, ती शिवण बोटाने फिरवून बघा. कडक गाठ, न भरणारा छोटा चट्टा, नवं दुखणं, तोंड पुन्हा आवळत जाणं, मानेत दाणा: यातलं काहीही दोन आठवडे टिकलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. मानेला शेक मिळाला असेल तर दर सहा-बारा महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी. आणि ज्या घरात एकाला हे झालं, तिथे खर्रा खाणाऱ्या बाकीच्यांचीही तोंडं त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांकडून बघून घ्या.